वर की खाली? कापडात दडलेल्या चित्रांची गंमत

दोस्ता, जरा जवळ ये. एक गुपित सांगायचंय!

पण आधी एक काम. शाळेच्या गणवेशाचा शर्ट घे आणि त्याची बाही अगदी डोळ्यांजवळ धर. (टी-शर्ट नको हं! तो वेगळ्याच पद्धतीनं, धाग्याच्या फासात फास अडकवून बनतो.) भिंग मिळालं तर झकासच! काय दिसतंय? बारीक बारीक धागे. काही उभे, काही आडवे.

उभ्या धाग्यांना म्हणतात ताणा. आडव्यांना म्हणतात बाणा. आडवा धागा कधी उभ्याच्या वरून जातो, कधी खालून. वर की खाली? वर की खाली? कापड म्हणजे हा एकच प्रश्न, लाखो वेळा विचारलेला!

आणि आता ते गुपित. याच एका प्रश्नातून मोर तयार होतो. कमळ उमलतं. लाटांमधून मासा उसळतो! ब्रश लागत नाही, छपाईचा ठसा लागत नाही. नुसतं वर आणि खाली! कसं काय? चल, बघू या.

खटखट, खटखट!

कापडाची गोष्ट सुरू करायला भिवंडीहून झकास जागा कुठली? ठाणे जिल्ह्यातलं, कामवारी नदीच्या काठचं हे शहर. इथल्या गल्लीत शिरलं की कापड नंतर दिसतं. आधी आवाज येतो! खटखट, खटखट, खटखट... हे आहेत यंत्रमाग, म्हणजे विजेवर चालणारे माग. इथे सगळे त्यांना लूमच म्हणतात.

किती लूम असतील, सांग बघू? शंभर? हजार? अंहं! भिवंडीतल्या लूमची मोजदाद लाखांत होते!

इथे विणकर आले तेही लांबलांबून. उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर आले. तेलंगणाकडून पद्मशाली विणकर आले आणि पद्मानगरात राहू लागले. आधी हातमाग होते. मग वीज आली आणि त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली.

बरं, लूमवर चढण्याआधी उभ्या धाग्यांची काय तयारी होते, माहीत आहे? त्यांना खळ पाजतात! हो, सुती साडीला कडकपणा यावा म्हणून आजी घालते ना, तशीच खळ. या कामाचे वेगळे कारखाने असतात. त्याला म्हणतात सायझिंग. लूमवर धाग्याला धागा सारखा घासतो. खळ नसेल तर बिचारे धागे पटापट तुटतील!

मग हे सगळे धागे एका भल्यामोठ्या रुळावर गुंडाळतात. तो झाला बीम. आता आणखी एक काम उरतं. प्रत्येक धागा एका छोट्याशा डोळ्यातून ओवायचा, आणि मग फणीच्या दातांमधून पुढे घ्यायचा. या कामाला वहिफणी म्हणतात. समजा, कापडात इंचाला ६० धागे आहेत आणि कापड ४८ इंच रुंद आहे. मग धागे किती? ६० गुणिले ४८. म्हणजे २,८८०! तुला सुईत एक दोरा ओवायला किती वेळ लागतो, ते आठव. आणि आता २,८८० दोरे ओवायचे आहेत असं समज! बाप रे!

पी.टी.चा तास

आता खरं विणकाम. ते समजण्यासाठी आपण मैदानावर जाऊ या.

पी.टी.चा तास आहे. शंभर मुलं-मुली एका लांब रांगेत उभ्या आहेत. प्रत्येकाला नंबर आहे. सगळ्यांनी एकेक हात पुढे धरलाय. सरांनी शिट्टी वाजवली, फुर्रर्र! विषम नंबरांनी हात वर न्यायचा, सम नंबरांनी खाली. झालं? आता एक मुलगी लांब रिबीन घेऊन रांगेच्या या टोकापासून त्या टोकाकडे पळते. वरच्या हातांखालून, खालच्या हातांवरून!

पुन्हा शिट्टी. आता उलटं. सम वर, विषम खाली. मुलगी रिबीन घेऊन परत येते. पुन्हा शिट्टी, पुन्हा उलटं. थोड्या वेळानं काय होईल? रिबीन सगळ्या हातांमध्ये घट्ट विणली जाईल!

लूमवर अगदी हेच चालतं. हात म्हणजे उभे धागे. रिबीन म्हणजे आडवा धागा. आणि पळणारी मुलगी म्हणजे धोटा. धोटा दिसतो छोट्या होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता. त्याच्या पोटात धाग्याची कांडी असते. साधा यंत्रमाग या धोट्याला मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे भिरकावतो! ती खटखट असते ना, ती याच धावपळीची.

भिवंडीत असं साधं कापड ढिगांनी विणलं जातं. ते लूमवरून उतरतं तेव्हा कोरं असतं. रंग आणि छपाई नंतर होते.

पण थांब! आपल्याला तर मोर हवाय ना?

मोरासाठी हात कोण वर करणार?

मोर विणायचा तर नुसतं सम-विषम करून चालणार नाही. पहिल्या फेरीला कदाचित ४१, ४२, ४३ नंबरनं हात वर करायचे. दुसऱ्या फेरीला ४० ते ४५. तिसऱ्या फेरीला १२, १३ आणि मग एकदम ३९ ते ४७. प्रत्येक फेरीला वेगळे हात! एका मोरासाठी अशा शेकडो फेऱ्या!

आता सर शिट्टी वाजवून थकतील. एवढे नंबर लक्षात ठेवायचे कुणी? आणि योग्य वेळी योग्य हात वर करायला सांगायचं कुणी?

जगभरच्या विणकरांनी याच कोड्यावर शेकडो वर्षं डोकं चालवलंय. आणि उत्तरं काय भन्नाट शोधलीत!

पहिलं उत्तर: मागाच्या डोक्यावर बसा!

चल औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. तिथलं हिमरू कापड प्रसिद्ध आहे. सूत आणि रेशीम यांचं, वेलबुट्टीनं गच्च भरलेलं. मुहम्मद तुघलकानं १३२७ साली दिल्लीहून राजधानी हलवून दौलताबादला आणली, हे इतिहासात असतं ना? त्याच्याबरोबर विणकरही इकडे आले आणि हिमरूची सुरुवात झाली, असं सांगतात. राजेरजवाड्यांसाठी सोन्या-रेशमाचं किनखाब विणलं जायचं. ते फार महाग! हिमरू हा त्याचाच जरा स्वस्त भाऊ.

हिमरूच्या जुन्या मागावर दोन माणसं लागायची. एक विणकर खाली, खड्ड्यात पाय सोडून बसलेला. आणि दुसरा? ओळख पाहू कुठे? मागाच्या वर! अगदी डोक्यावर!

वरच्या माणसाच्या हातात दोऱ्यांचं मोठं जाळं असायचं. प्रत्येक दोरी खालच्या काही उभ्या धाग्यांना बांधलेली. त्यानं ठरलेल्या दोऱ्या ओढल्या की नेमके हवे तेच धागे वर! खालचा विणकर पटकन नक्षीचा धागा घालायचा. मग पुढच्या दोऱ्या. मग पुन्हा धागा. असं दिवसभर!

आणि यातली आणखी एक गंमत ऐक. इथे रिबिनी दोन असतात! एक साधी, जी कापड घट्ट धरून ठेवते. दुसरी रंगीत, नक्षीची. नक्षीची रिबीन फूल असेल तिथे वर येते आणि बाकी ठिकाणी मागे लपून बसते. म्हणून हिमरूची शाल उलटी केली की मागे धाग्यांचे लांब लांब पूल दिसतात. समोर फुलबाग, मागे धाग्यांची गर्दी! या गर्दीमुळे शाल मऊ आणि उबदारही होते.

दुसरं उत्तर: रिबीनच बदला!

पैठणी विणणाऱ्यांनी मात्र वेगळीच युक्ती काढली. ते म्हणाले, हात सम-विषमच राहू देत. आपण रिबीन बदलू!

म्हणजे काय? समज, रांगेत ४० ते ४७ नंबरांपुढे मोराची मान यायची आहे. मग सगळ्या रांगेतून एकच रिबीन न्यायचीच कशाला? १ ते ३९ साठी सोनेरी रिबीन. ४० ते ४७ साठी निळी. तिथून पुढे पुन्हा सोनेरी. आणि जिथे दोन रंग भेटतात, तिथे दोन्ही रिबिनी एकमेकींत अडकवायच्या. नाहीतर मध्ये भोक राहील ना!

पैठणीच्या मागावर ही रिबीन म्हणजे रेशमाचा धागा. तो छोट्या छोट्या तिल्ल्यांवर गुंडाळलेला असतो. एकेका रंगाची एकेक तिल्ली. मोराची मान, पिसारा, चोच, डोळा... प्रत्येकाची तिल्ली वेगळी! विणकर धागे मोजतात, तिल्ली घालतात, अडकवतात, पुढे जातात. सगळं हातानं! म्हणूनच दाट नक्षीचा पदर असेल तर एक पैठणी विणायला महिनोन् महिने लागतात.

पण त्या कष्टांचं फळ बघ. पैठणी उलटी केलीस तर काय दिसेल? तोच मोर! तसाच्या तसा! मागे लोंबणारे धागे नाहीत, गुंता नाही. सुलट कुठलं आणि उलट कुठलं, पटकन सांगताच येत नाही!

या साडीचं नाव आलं गोदावरीकाठच्या पैठणवरून. दोन हजार वर्षांपूर्वी पैठण होतं सातवाहन राजांची राजधानी. तेव्हा त्याला प्रतिष्ठान म्हणत. त्या काळी एका ग्रीक माणसानं व्यापाऱ्यांसाठी समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. त्यात पैठण आहे. जिथून तलम कापड जायचं ते तेर आहे. आणि भिवंडीच्या शेजारचं कल्याण बंदरही आहे! म्हणजे आपल्याकडची माणसं कापडाच्या व्यापारात किती जुनी मुरलेली, बघ!

आज पैठणी सगळ्यात जास्त विणली जाते ती नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात. बांगडी मोर, पोपट, कमळ, नारळी काठ... एकेक नक्षी ओळखता येते का, बघ हं लग्नात!

बरणीला पोशाख!

आता धर माझा हात. आपण जाऊ या जपानला! कारण तिथे नक्षीदार कापडाचे लाड होतात तसे क्वचितच कुठे होत असतील.

जपानमध्ये चहा पिण्याचा एक खास सोहळा असतो. त्याचं नाव चानोयु. आपल्याकडे चहा म्हणजे आलं ठेचा, उकळा, गाळा, फुर्रकन प्या! तिथे तसं नाही. हिरव्या चहाची बारीक पूड असते. ती वाडग्यात घ्यायची, गरम पाणी ओतायचं आणि बांबूच्या छोट्या घुसळणीनं घुसळायचं. सगळं शांतपणे, ठरलेल्या रीतीनं. सेन नो रिक्यु (१५२२ ते १५९१) नावाचे एक थोर चहागुरू होऊन गेले. त्यांनी घालून दिलेल्या वळणावर आजही हा सोहळा चालतो.

या चहाची पूड ठेवायला मातीची एक चिमुकली बरणी असते. तुझ्या मुठीत जवळजवळ मावेल एवढी! तिला हस्तिदंताचं झाकण. आणि बरणी उघडी ठेवायची नाही हं. तिला कपडे घालायचे!

हो, खरंच! बरणीच्या मापाची नक्षीदार रेशमी पिशवी शिवतात. गळ्याशी रेशमी दोरी बांधतात. या पिशवीला शिफुकु म्हणतात. काही नामवंत बरण्यांना तर दोन-दोन, तीन-तीन पोशाख असतात. म्हणजे बरणीचं स्वतःचं कपाट!

चहा पिऊन झाला की पाहुणे काय करतात, सांगू? ती बरणी आणि तिचा पोशाख जवळून बघायला मागतात. पिशवी हळूच समोर ठेवतात, वाकून निरखतात. कुठलं कापड आहे, विचारतात. आणि यजमान सांगतो. जशी आपल्याकडे एखाद्या काकू दुसऱ्या काकूंना साडीबद्दल विचारतात ना, तसंच!

कारण या कापडांना नावं आहेत! जुनी, खास कापडं म्हणजे मेइबुत्सु-गिरे. एकाचं नाव आराइसो. त्यावर लाटांमधून उसळणारा मासा असतो. एका चौकटींच्या कापडाला कोबोरी एन्शु (१५७९ ते १६४७) या चहागुरूचं नाव मिळालंय. यातली कित्येक कापडं चीनमध्ये विणलेली आणि काही तर पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीची!

आणि ओळख पाहू, आणखी कुठून कापड जायचं? भारतातून! पट्ट्यापट्ट्यांची कापडं आणि वेलबुट्टी काढून रंगवलेली आपली सुती कापडं पोर्तुगीज आणि डच जहाजांत बसून जपानला पोचली. तिथे चहावाल्यांनी ती हातोहात उचलली. साधं सुती कापडही त्यांना रत्नासारखं वाटलं!

एवढं मोलाचं कापड फाटलं तर? फेकायचं? छे! तळहाताएवढा तुकडा उरला तरी त्याची बरणीसाठी पिशवी होते. वाडग्याखाली धरायचा चौकोनी रुमाल होतो, वीतभरही नसलेला. आणि अगदीच चिंधी उरली, तर ती वहीत चिकटवून जपून ठेवायची. तू पोस्टाची तिकिटं जमवून चिकटवावीस तशी! तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा नामवंत तुकड्यांचा संग्रह आहे.

सोन्याचा कागद!

आता या सगळ्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. नीट ऐक हं.

या जपानी कापडांत एक असतं किनरान. त्यात सोन्याची नक्षी चमचम करते. सोन्याचा धागा कसा बनवत असतील? आपल्याकडे जर बनवतात ती अशी: चांदीची तार ओढून ओढून केसासारखी बारीक करायची. ठोकून चपटी करायची. रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळायची आणि वर सोन्याचं पाणी चढवायचं. जुन्या पैठणीत अशीच जर असायची. आता बरीचशी जर सुरतेहून येते आणि तिच्यात चांदीऐवजी तांबंही वापरतात.

पण किनरानमध्ये तार नसतेच! मग काय असतं?

कागद!

विश्वास बसत नाही ना? काजूकतलीवर चांदीचा वर्ख असतो, बघ. फुंकर मारली तर उडेल असा. तसाच सोन्याचा वर्ख घ्यायचा. तो चिवट हातकागदावर चिकटवायचा. आणि मग त्या कागदाच्या पट्ट्या कापायच्या. किती रुंद? एक मिलिमीटरसुद्धा नाही! तुझ्या पट्टीवरच्या सगळ्यात छोट्या दोन रेघांमधली जागा बघ. त्याहूनही अरुंद!

ही सोनेरी कागदाची पट्टी आडवा धागा म्हणून विणायची. पण तिची एकच बाजू सोन्याची, दुसरी नुसता कागद! पट्टीला पीळ पडला की सोनं मागे जाणार. क्योतो शहरातल्या निशिजिन भागातले काही विणकर अशा पट्ट्या आजही आकडीच्या काठीनं एकेक करून अलगद ओढून घेतात. सोन्याचं तोंड वर ठेवून! एक पट्टी. मग दुसरी. मग तिसरी. केवढा धीर लागत असेल!

म्हणजे कागद विणता येतो. त्यावर सोनं टिकतं. आणि ते शेकडो वर्षं चमकतं! मला हे कळलं तेव्हा मी माझ्या वहीच्या कागदाकडे कितीतरी वेळ बघत बसले होते.

तिसरं उत्तर: भोकं पाडा!

हिमरूच्या मागावर वर बसलेला माणूस आठवतो? त्याला दिवसभर दोऱ्या ओढाव्या लागायच्या. क्योतोतही नक्षीच्या मागावर असाच एक जण वर चढून बसायचा. फ्रान्सच्या लियाँ शहरातही मागाशेजारी दोऱ्या ओढायला माणूस लागायचाच. तिथे जोसेफ मारी जॅकार्ड नावाचे एक कारागीर होते. १८०४ साली त्यांनी एक माग तयार केला. त्यावर दोऱ्या ओढायला माणूसच लागेना!

मग दोऱ्या कोण ओढतं? जाड पुठ्ठ्याची कार्डं!

परत मैदानावर ये. आता सर शिट्टी वाजवत नाहीत. ते रांगेसमोर एक लांब पुठ्ठा धरतात. त्यात काही ठिकाणी भोकं पाडलेली. ज्याच्या समोर भोक, त्यानं हात वर करायचा. भोक नाही? हात खाली! रिबीन पळाली की सर पुढचा पुठ्ठा धरतात. त्यातली भोकं वेगळी. संपलं! कुणालाच काही लक्षात ठेवायला नको. मोर पुठ्ठ्यातच लिहून ठेवलाय!

एका फेरीला एक कार्ड. मग अख्ख्या चित्राला किती? १८३९ साली लियाँमध्ये जॅकार्ड यांचंच चित्र रेशमात विणलं. त्याला लागली २४,००० कार्डं! ते इतकं हुबेहूब होतं, की बघणाऱ्यांना ते कागदावर छापलेलं चित्रच वाटायचं.

ही बातमी जपानला पोचली. १८७२ साली क्योतोहून तीन विणकर जहाजानं थेट फ्रान्सला निघाले: साकुरा त्सुनेशिचि, इनोउए इहेइ आणि योशिदा चुशिचि. भाषा येत नाही, देश अनोळखी. तरी गेले! लियाँमध्ये जॅकार्डचं काम शिकले. परत येताना योशिदांचं जहाज वादळात बुडालं आणि ते घरी पोचलेच नाहीत. पण माग निशिजिनला पोचला. तिथले किती तरी विणकर त्या तंत्रावर नक्षी विणू लागले.

गोष्ट इथे संपत नाही! इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज नावाचे एक गणिती होते. त्यांच्याकडे जॅकार्ड यांचं ते विणलेलं चित्र होतं. त्यांना वाटलं, भोकं बघून माग जर फूल विणू शकतो, तर भोकं बघून एखादं यंत्र गणितं का नाही सोडवणार? त्यांनी तशा यंत्राचा आराखडा केला. पुढे १८९० साली अमेरिकेनं आपल्या लोकांची मोजणी भोकांच्या कार्डांवर केली. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं संगणकांना कामं सांगायलाही भोकांची कार्डंच वापरत होते!

भोक आहे की नाही? वर की खाली? हो की नाही? संगणक आजही आतून असेच 'हो' आणि 'नाही' मोजत असतो. म्हणजे तुझ्या घरच्या मोबाईलचा एक जुना नातेवाईक चक्क कापडाचा माग आहे!

आता तर पुठ्ठ्याचीही गरज उरली नाही. नवीन जॅकार्ड लूमवर नक्षी संगणकातूनच जाते. साध्या लूमवर लहान नक्षी हवी असेल तर डॉबी नावाचं छोटं यंत्र बसवतात. त्यात लाकडी पट्ट्यांवर खुंट्या ठोकलेल्या असतात. खुंटी असेल तर धागे वर, नसेल तर खाली. ओळखीचं वाटतंय ना? भोकाऐवजी खुंटी, बाकी युक्ती तीच!

आता तू वीण!

वाचून झालं, आता करून बघ. दोन रंगांचे कागद, चौकटीची गणिताची वही, कात्री आणि डिंक घे.

पहिलं काम: वहीत आठ उभ्या आणि आठ आडव्या चौकटींचा मोठा चौकोन आख. त्यात चौकटी रंगवून एखादं सोपं अक्षर काढ. 'प' छान जमतो! हे झालं तुझं जॅकार्ड कार्ड. खरे नक्षीकारही आधी अशाच चौकटींच्या कागदावर नक्षी उतरवतात.

दुसरं काम: पांढऱ्या कागदाला उभे काप दे, पण वरची कड कापू नकोस. आठ पट्ट्या हव्यात. मग काप किती द्यायचे? आठ? नीट विचार कर. सात! हा झाला ताणा.

तिसरं काम: रंगीत कागदाच्या आठ सुट्ट्या पट्ट्या काप. हा झाला बाणा.

आता एकेक ओळ बघत वीण. चौकट रंगवलेली असेल तर रंगीत पट्टी वरून. चौकट रिकामी असेल तर खालून. पट्टी सुटू नये म्हणून टोकांना डिंकाचा थेंब लाव.

आठ ओळी झाल्या? आता कागद उलटा कर. अरेच्चा! मागे काय झालं? रंगीत जागी पांढरं आणि पांढऱ्या जागी रंगीत. शिवाय 'प' उलट्या तोंडाचा! समोर जे वर, ते मागे खाली. असं का झालं, ते आता तुला कुणी सांगायलाच नको!

आणि एक शेवटचं काम. घरात पैठणी, शालू, नक्षीची शाल, जरीची टोपी, काहीही असेल तर आईला किंवा आजीला विचार. हात स्वच्छ धू, पुसून कोरडे कर आणि कापड हळूच उलटं करून बघ. मागेही समोरच्यासारखाच मोर असेल, तर तो हातानं, तिल्लीतिल्लीनं विणलेला असू शकतो. मागे धाग्यांचे पूल किंवा कापलेली टोकं असतील, तर नक्षीला वेगळा जास्तीचा धागा वापरलाय. बाजारात मिळणारी सेमी पैठणी बहुतेक अशीच, जॅकार्डवर विणलेली असते. आणि मागे काहीच नक्षी नसेल किंवा नुसता फिकट रंग उतरलेला असेल, तर ते चित्र विणलेलं नाहीच. ते छापलंय!

कापडाची खरी हकिगत त्याच्या उलट्या बाजूवर लिहिलेली असते. ती वाचायला तू आता शिकून घेतलंस. तेव्हा आज घरातली किमान तीन कापडं उलटी करून तपास, वहीत लिहून ठेव आणि तुझा विणलेला 'प' उद्या वर्गात सगळ्यांना नक्की दाखव!